फिल्म की डिजिटल? हौशी फोटोग्राफरचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे दोन्ही जातीचे कॅमेरे आहेत, म्हणून ओळखीपाळखीतले लोक हे प्रश्न मलाच विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलं. हे सगळं हौसेने फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

फार पाल्हाळ नको. फिल्म घेऊ की डिजिटल?

रोल लॅबला देणार, स्कॅन मागवणार आणि फोटो मोबाइलवरच बघणार असाल तर डिजिटल घ्या. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरच्या बाथरूममध्ये धुवायची तयारी असेल तर फिल्म घ्या. फटकळ वाटेल, पण फिल्मचा कॅमेरा चार दिवस गळ्यात अडकवून मग कपाटात ठेवून दिलेल्या बऱ्याच जणांना मी पाहिलंय. ते सगळे पहिल्या प्रकारातले होते. चार-पाच रोल उत्साहात निघतात, मग लॅबची बिलं दिसायला लागतात.

फिल्मवर फोटो जास्त चांगला येतो का?

‘चांगला’ म्हणजे बारकावे जास्त, असं म्हणत असाल तर नाही. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. फुल फ्रेम डिजिटल सेन्सरचं मापही तेच, आणि तेवढ्याच जागेत आजचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) रोलपेक्षा सरळसरळ जास्त तपशील टिपतो. मीडियम फॉरमॅटची गोष्ट वेगळी. १२० रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह मिळते, ती नुसती उजेडासमोर धरली तरी माणूस गप्प होतो.

फिल्मचा खरा गुण ती उजेड कसा सोसते त्यात आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

मग तो सगळ्यांना आवडणारा ‘फिल्म लूक’ येतो कुठून?

माझ्या मते निम्म्याहून जास्त स्कॅनरमधून. कलर निगेटिव्ह हातात घेऊन बघा. ती केशरी असते आणि तिच्यावरचे रंग उलटे असतात. ते सुलटे करताना स्कॅनर आणि तो चालवणारा मुलगा ठरवतो की आकाश किती निळं आणि कातडी किती पिवळी. मी एकच रोल दोन लॅबमधून स्कॅन करून घेतला होता. एकीकडून मावळतीचा समुद्र हिरवट आला, दुसरीकडून जांभळट. दोघांनीही काही चूक केली नव्हती.

फिल्मच्या बाजूने एवढं कबूल करतो: ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, फिल्मचाच असतो, आणि उजळ भागाकडून अति-उजळ भागाकडे जाताना ती अचानक तुटत नाही. पण ‘पोर्ट्राचे (कोडॅकच्या कलर निगेटिव्ह रोलचे) रंग’ म्हणून ज्याच्यावर लोक जीव टाकतात, त्यात त्या स्कॅनरवाल्या मुलाचाही हात असतो. लॅबचं साधं स्कॅन दोन-अडीच मेगापिक्सेलचं असतं. मोबाइलवर पुरतं, पण भिंतीवर लावायचं म्हटलं की उणीव कळते.

खर्चाचा हिशोब सांगा.

दुकानागणिक आणि महिन्यागणिक फरक पडतो, पण कलरचा एक रोल, धुणं आणि स्कॅन मिळून मला हल्ली पंधराशेच्या आसपास पडतात. छत्तीस फोटो, म्हणजे एक फोटो चाळीस-बेचाळीस रुपयांना. महिन्याला दोन रोल काढलेत तर वर्षाचे छत्तीस हजार. तेवढ्यात वापरलेला पण धडधाकट डिजिटल कॅमेरा लेन्ससकट येतो आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो फुकट.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतलात की हा आकडा बराच खाली येतो. १०० फुटांचं रीळ घेऊन रिकाम्या कॅसेटमध्ये स्वतः रोल भरले तर छत्तीस फोटोंचे अठराएक रोल निघतात. त्यासाठी भरायचा डबा लागतो. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

शिकायला फिल्मच बरी, असं जुनी मंडळी म्हणतात. खरं आहे का?

नाही, आणि याबाबतीत मी जुन्या मंडळींशी वाद घालतो. शिकताना चूक आणि तिचा परिणाम जितके जवळजवळ असतील तितकं लवकर डोक्यात शिरतं. डिजिटलवर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बदललं की तीन सेकंदांत फरक दिसतो. फिल्मवर तो दोन आठवड्यांनी दिसतो. तोवर कुठल्या फोटोला काय लावलं होतं ते तुम्ही विसरलेले असता. त्या मंडळींकडे वही असायची, ते प्रत्येक फोटोची नोंद करायचे. ती वही ठेवणार असाल तर गोष्ट निराळी.

फिल्म शिकवते ती फोटो न काढायला. समोर काहीतरी आहे, काउंटर ३१ वर आहे आणि अजून संध्याकाळ बाकी आहे, मग बोट आपोआप थांबतं. पण ही शिकवण अ‍ॅपर्चर-शटर पक्कं झाल्यावरच कामाची.

डिजिटलवर जमतं तसं मीटरिंग (उजेड मोजणं) फिल्मवर का चालत नाही?

कारण दोघांची दुखरी बाजू एकमेकांच्या विरुद्ध आहे. आषाढी वारीत पालखी दिवे घाट चढते तेव्हाचं दृश्य आठवा. वर ढगांतून येणारा पांढरा उजेड, खाली हजारो पांढऱ्या टोप्या आणि धोतरं, आणि टोपीखाली उन्हापावसाने रापलेले चेहरे. डिजिटलवर चेहऱ्याला मोजून फोटो घेतला की टोप्या जळतात, कोरा कागद होतात, आणि तिथली माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून डिजिटलवर टोप्या सांभाळायच्या आणि काळवंडलेला चेहरा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून नंतर वर काढायचा. तो निघतो.

निगेटिव्ह फिल्मवर नेमकं उलटं. टोप्यांना दोन स्टॉप उजेड जास्त झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तरी त्यांच्या चुण्या निगेटिव्हवर राहतात. पण चेहऱ्याला उजेड कमी पडला तर तिथे फिल्म पारदर्शक राहते, आणि पारदर्शक जागेतून काहीही काढता येत नाही. म्हणून फिल्मवर सावली मोजायची आणि शंका आली तर एक स्टॉप जास्त द्यायचा. डिजिटलवरून फिल्मवर येणारे जवळपास सगळे पहिल्या रोलला इथेच फसतात. टोप्या सांभाळतात आणि चेहरे घालवतात.

स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सुलटे रंग येतात ती, मात्र डिजिटलसारखी, किंबहुना त्याहून नाजूक. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही.

मीटर नसेल तर भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवा आणि शटर रोलच्या आयएसओइतकं. २०० च्या रोलला १/२५०, ४०० च्या रोलला १/५००. हलके ढग आले की एफ/११, ढगाळ हवेला एफ/८, सावलीत एफ/५.६.

घरी रोल खरंच धुता येतो? डार्करूम लागते ना?

डार्करूम प्रिंट काढायला लागते. रोल धुवायला फक्त तो टँकमध्ये (उजेड न शिरणाऱ्या डब्यात) जाईपर्यंत अंधार हवा. चेंजिंग बॅग म्हणजे दोन बाह्यांची काळी पिशवी, तिच्यात हात घालून हे काम होतं. ती नसेल तर रात्री बाथरूमचे दिवे घालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावूनही चालतं. एवढंच की घरच्यांना आधी सांगा.

पहिली अडचण टँकमधल्या रिळाची येते. प्लास्टिकच्या रिळाच्या खाचेत फिल्म हलके हलके सरकवायची असते, आणि रीळ जरा जरी दमट असेल तर ती मध्येच अडकते. मे महिन्यात पिशवीत हाताला घाम सुटतो, फिल्म चिकट होते, तुम्ही जोर लावता आणि तिला घडी पडते. त्या घडीवर पुढे चंद्रकोरीसारखा काळा डाग येतो. उपाय साधा आहे. रीळ आदल्या दिवशी उन्हात वाळवा, आणि अडकलं तर जोर न लावता सगळं टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, चहा घ्या, मग परत या. एखादा वाया गेलेला रोल दिवसाउजेडी दहा-वीस वेळा चढवून सराव केलात तर हे सगळं टळतं.

दुसरी अडचण तापमानाची. पुस्तकात सगळीकडे २० अंश लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलात हाताला चटका देतं. मी घमेल्यात पाणी घेऊन त्यात फ्रीजमधला बर्फ टाकतो आणि डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) बाटली त्यात उभी करतो. अगदी २० वर आणायचा हट्ट नको. २४ वर आलं तरी चालतं, वेळ कमी करायचा. तापमान आणि वेळेचा तक्ता कंपन्या देतात. फक्त वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर फिल्मवर पट्टे येतात.

प्रत्यक्ष काम असं: इलफर्डचा एचपी५ प्लस रोल, आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशाला १३ मिनिटं. सुरुवातीच्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करायचा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा हायपो, तीन ते पाच मिनिटं. फिक्सर मेलाय का बघायचं असेल तर रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा त्यात टाका. तो किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

धुवायला नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. टँक पाण्याने भरून पाचदा उलटा, पाणी टाका, परत भरून दहादा, परत भरून वीसदा. झालं. टँकरचं पाणी घेणाऱ्यांना ही पद्धत जवळची वाटेल. बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. मग बाथरूममध्ये दोरीला चिमट्याने टांगायचं, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजनाला. टांगायच्या आधी गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडला की वाफेने धूळ खाली बसते.

कलर रोलही घरी धुता येईल?

येतो, पण डेव्हलपर ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं धरून ठेवावा लागतो आणि अर्ध्या अंशाच्या चुकीने रंग हलतात. उन्हाळ्यात उलट सोपं जातं. तरी सुरुवात तिथून करू नका.

जुना कॅमेरा घेताना काय बघायचं?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलात तर काउंटरवर दहा कॅमेरे पुढे येतील. घाई करू नका. मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर लावा, दाबा आणि कान द्या. एक सेकंद म्हणजे एक सेकंदच वाजला पाहिजे. जुन्या ग्रीसने शटर जड झालं असेल तर हळूचे वेग आधी बोंबलतात. मग लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स घेऊ नका. शेवटी झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाने दाबा. डांबरासारखा चिकटला तर उजेड आत येणार. तो बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी पूर्ण यांत्रिक शटरचा बघा: पेन्टॅक्स के१०००, निकॉन एफएम२ किंवा एफएम१०. त्यांची बॅटरी फक्त मीटरसाठी असते. ती संपली तरी फोटो निघतो. के१००० च्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर टोपी घातली की तो झोपतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या काही कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. त्यात १.५ व्होल्टची टाकली तर मीटर चुकीचं सांगू शकतो.

वडिलांचा आग्फा क्लिक थ्री माळ्यावर सापडलाय. चालेल?

बहुतेक चालेल, त्यात बिघडण्यासारखं फारसं नाहीच. साधी लेन्स, ठरलेलं शटर, बॅटरी नाही. रोल १२० चा लागतो, बारा चौकोनी फोटो येतात, आणि हा रोल आजही मिळतो. १०० आयएसओचा घ्या, ४०० चा भर उन्हात फार होईल. मागे नंबर बघायची लाल खिडकी आहे, तिच्यावर काळी टेप लावा आणि रोल पुढे सरकवताना तेवढी उचला. आजची फिल्म लाल उजेडालाही जागी असते.

माळ्यावर कॅमेऱ्यासोबत निगेटिव्हचं पाकीट आहे का तेही बघा. कॅमेऱ्यापेक्षा ते मोलाचं. आमच्याकडच्या पाकिटात आजीचा नऊवारीतला, सायकल धरून उभी असतानाचा फोटो निघाला. त्याचा प्रिंट घरात कोणीच कधी पाहिला नव्हता.

रोल पूर्ण कोरा आला. लॅबने घोळ केला का?

आधी रोलच्या कडेला बघा. तिथे कंपनीचं नाव आणि आकडे छापल्यासारखे दिसत असतील तर लॅबने धुणं बरोबर केलंय. फोटो पडलेच नाहीत. याचं नव्वद टक्के कारण म्हणजे रोल आत घुसलाच नव्हता.

माझंच सांगतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला पहाटे पोहोचलो, थंडीने बोटं आखडलेली, घाईत रोल लोड केला. छत्तीस फोटो काढले. सदतिसावा निघाला, अडतिसावा निघाला. चाळिसाव्याला कळलं. रोलचं टोक गुंडाळणाऱ्या स्पूलमधून निसटलं होतं आणि मी गडभर रिकामं शटर वाजवत हिंडलो होतो. तेव्हापासून सवय केलीय: रोल भरल्यावर डावीकडची रिवाइंडची दांडी हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घ्यायची, मग पुढे सरकवताना ती दांडी उलटी फिरते का बघायचं. फिरली नाही तर झाकण उघडा.

रात्रीचे फोटो, नाटक, घरगुती समारंभ?

डिजिटल. यावर चर्चा नको. ६४०० आयएसओ आणि बिनआवाजी शटर असताना नाट्यगृहात रोलचा कॅमेरा खटखटवणं हा बाकी प्रेक्षकांवर अन्याय आहे.

विमानात रोल नेता येतात का?

हातातल्या सामानातच. खाली जाणाऱ्या बॅगेत कधीच नाही, तिथलं स्कॅनिंग जास्त तीव्र असतं. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवा आणि हाताने तपासायची नम्रपणे विनंती करा. मान्य करणं न करणं तिथल्या जवानावर आहे. जुन्या प्रकारच्या एक्स-रे मशिनमधून ४०० पर्यंतचा रोल एकदोनदा गेला तर सहसा काही होत नाही. नव्या सीटी स्कॅनरमधून मात्र एकदाही जाऊ देऊ नका, फिल्मवर धुरकटपणा येतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

बुरशी फिल्म-डिजिटल असा भेद करत नाही. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, ती केस म्हणजे बुरशीचं माहेर. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परता. आणि कॅमेरा वापरा. आठवड्याला उजेड-वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

टिकाऊ काय? निगेटिव्ह की फाइल?

नीट धुतलेली ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह कोरड्या जागी पन्नास-साठ वर्षं सहज राहते, आणि ती वाचायला उजेड पुरतो. कलरचे रंग उडतात. फाइलचं आयुष्य तुमच्या शिस्तीइतकं. माझे २००९ ते २०११ चे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते, ती एके सकाळी टकटक करायला लागली आणि गेली. त्याच वर्षांतल्या रोलच्या निगेटिव्ह मात्र अजून फोल्डरमध्ये शाबूत आहेत. पण घरात पाणी शिरलं तर निगेटिव्हची दुसरी प्रत नसते, हेही खरं.

फिल्म बंद पडणार नाही ना?

काही प्रकार पडतील, पडलेतही. १९३५ ला आलेली कोडॅकची स्लाइड फिल्म कोडाक्रोम २००९ मध्ये थांबली, आणि ती धुणारी शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातली, २०१० च्या अखेरीला. आपल्याकडे उटीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही गेला. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने जुळवला. शंभर बाय शंभर बिंदूंचा फोटो, कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी बंद केलेली तिची दुसरी स्लाइड फिल्म एक्टाक्रोम २०१८ ला परत आली, आणि २०२४ मध्ये पेन्टॅक्सने चक्क नवीन फिल्म कॅमेरा काढला, छत्तिसाच्या रोलवर बहात्तर फोटो घेणारा. ब्लॅक अँड व्हाइटची मला काळजी वाटत नाही. कलरच्या किमतीची वाटते.

जुन्या लेन्स डिजिटलवर लागतात का?

मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) जवळपास सगळ्या, साध्या अ‍ॅडॉप्टरने. निकॉनच्या जुन्या एफ माउंटची लेन्स फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर बसते, नव्या झेडची सेन्सरपासून १६ वर. मधल्या साडेतीस मिलिमीटरमध्ये नळी बसते, काच लागत नाही. फोकस हाताने करावा लागेल. फिल्म आवडेल की नाही याची खात्री नसलेल्यांना मी हेच सुचवतो: जुनी ५० मिमी लेन्स लावा, मागचा पडदा बंद करा आणि एक रविवार छत्तीसच फोटो काढा. कंटाळा आला तर रोलचे पैसे वाचले.

धुऊन झाल्यावर उरलेली रसायनं कुठे ओतायची?

डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर मोरीत चालतो, सेप्टिक टँक असेल तर तोही नको. फिक्सर मात्र ओतू नका. फिल्मवरची चांदी विरघळून त्यातच आलेली असते. मी तो पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून. जुन्या एक्स-रे फिल्मवाल्यांकडून चांदी काढण्यासाठी हायपो नेणारे लोक असतात. जवळच्या जुन्या एक्स-रे सेंटरमध्ये चौकशी करा, त्यांच्याकडे कोण येतं ते. माझा कॅन भरायला दोन वर्षं लागली. नेणाऱ्याने आत डोकावून विचारलं, ‘‘एवढाच?’’